वृद्धांचे पडणे अटळ नाही, सुरुवात जिन्यापासून

नवी दिल्ली : घरातील ज्येष्ठ व्यक्ती जिन्यावरून पडली, की बहुतेक कुटुंबांत पुढचा निर्णय ठरलेला असतो. ‘आता वर यायचे नाही, खालीच थांबायचे.’ माडीवरची खोली सुटते, गच्चीतल्या कुंड्या दुसऱ्याच्या हाती जातात, सकाळचा फेरफटकाही हळूहळू बंद होतो. हाताचे प्लास्टर सहा आठवड्यांत निघते. ही मनाई मात्र कायमची होऊन बसते. जिना होता तसाच राहतो. तोच काळोख, तीच चकचकीत फरशी, धरायला काहीही नसलेली तीच भिंत. जिच्यावर पाय चुकला ती पायरी कोणी मोजून पाहत नाही.

या मनाईमागे माया असते, पण तिचा परिणाम उलटा होतो. चढ-उतार थांबली की मांड्यांचे स्नायू झपाट्याने क्षीण होतात, तोल सांभाळण्याची सवय जाते आणि पुढच्या वेळी सपाट जमिनीवर पडण्याचीही शक्यता वाढते. याउलट जिना आणि घर दुरुस्त केल्यास पडणे कमी होते, असे पडताळणी केलेले प्रयोग सांगतात. वृद्धाला जिन्यापासून तोडावे की जिना वृद्धासाठी नीट करावा, या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाने बऱ्याच अंशी दिलेले आहे. ते आपल्या घरांपर्यंत पोहोचलेले नाही, इतकेच.

प्रश्न लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात. अनवधानाने होणाऱ्या इजांमुळे जे मृत्यू होतात, त्यांत रस्ते अपघातांच्या खालोखाल हेच कारण आहे. यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. वैद्यकीय उपचार घ्यावे लागतील इतके गंभीर पडणे वर्षाला ३ कोटी ७३ लाख वेळा घडते. प्राणघातक पडण्याचे प्रमाण साठीपुढील वयोगटात सर्वाधिक आहे. भारतात २०२२ मध्ये साठ वर्षांवरील नागरिकांची संख्या सुमारे १४ कोटी ९० लाख होती. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी आणि मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या २०२३ च्या अहवालानुसार २०५० पर्यंत ती ३४ कोटी ७० लाखांवर जाईल. म्हणजे दर पाच भारतीयांमागे एक जण साठीच्या पुढचा असेल.

बोटभर फरक

जिना चढताना किंवा उतरताना आपण प्रत्येक पायरी पाहत नाही. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवर शरीर अंतराचा अंदाज घेते आणि पुढे त्याच मापाने पाय टाकत जाते. पायाचा अंगठा पायरीच्या कडेपासून थोड्याच अंतरावरून पुढे सरकतो. त्यामुळे एखादी पायरी इतरांपेक्षा किंचित उंच किंवा बुटकी असली, तरी हिशेब चुकतो.

याचे बोलके उदाहरण न्यूयॉर्कमध्ये मिळाले. ब्रुकलिन भागातील ३६ व्या रस्त्यावरच्या भुयारी रेल्वेस्थानकाच्या जिन्यात एक पायरी इंचाच्या काही अंशाने उंच होती. २०१२ मध्ये एका रहिवाशाने त्या पायरीवर कॅमेरा रोखला, तेव्हा तरुण, वृद्ध, बाळाला कडेवर घेतलेला बाप असे एकामागून एक प्रवासी नेमके तिथेच अडखळताना दिसले. चित्रफीत लोकांसमोर आल्यावर प्रशासनाने जिना बंद करून दुरुस्त केला. तोपर्यंत प्रत्येक प्रवासी बहुधा स्वतःच्याच वेंधळेपणाला दोष देत पुढे गेला असेल. अमेरिकेत सर्रास वापरली जाणारी इमारत संहिता एका जिन्यातील सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या पायरीत साडेनऊ मिलिमीटरहून अधिक फरक चालू देत नाही. हा फरक बोटाच्या जाडीहूनही कमी आहे.

आपल्याकडे असे जिने शोधायला लांब जावे लागत नाही. काँक्रीटच्या पायऱ्या साच्यात सारख्या मापाने ओतल्या जातात. फरशी नंतर बसते. खोलीत फरशीखालचा थर जाड आणि पायऱ्यांवर तो पातळ राहिला, की सर्वांत खालची पायरी बुटकी आणि सर्वांत वरची उंच होते. पुढे घराचे नूतनीकरण करताना जुन्या फरशीवरच नवी फरशी चढवली, की हा फरक आणखी वाढतो. शहरांत तर रस्त्यावर दरवर्षी डांबराचा नवा थर पडतो आणि इमारतीच्या दारातली पहिली पायरी अर्धी रस्त्यात बुडते. जिन्याच्या सुरुवातीला आणि शेवटी अपघात अधिक का होतात, याचे एक कारण इथे सापडते. दुसरे कारण असे की माणसाला वाटते जिना संपला आणि एक पायरी शिल्लक असते.

घरच्या घरी करण्याजोगी पहिली तपासणी म्हणजे मोजपट्टी घेऊन प्रत्येक पायरीची उंची लिहून काढणे. त्याला दहा मिनिटे पुरतात. भारतीय मानक ब्युरोच्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार निवासी इमारतीत पायरीची उंची कमाल १९ सेंटिमीटर आणि पाऊल ठेवण्याची जागा किमान २५ सेंटिमीटर असावी; सार्वजनिक वापराच्या इमारतींसाठी हीच मापे १५ आणि ३० सेंटिमीटर आहेत. या आकड्यांमागे जुना हिशेब आहे. सतराव्या शतकातील फ्रेंच वास्तुतज्ज्ञ फ्रांस्वा ब्लाँदेल याने मांडले होते की पायरीच्या उंचीची दुप्पट आणि पाऊल ठेवण्याची जागा यांची बेरीज माणसाच्या एका पावलाइतकी भरावी. आज ती ६० ते ६५ सेंटिमीटर धरतात. आपल्या संहितेची मापे घालून पाहिल्यास निवासी जिन्याची बेरीज ६३ आणि सार्वजनिक जिन्याची ६० येते.

मात्र १९ सेंटिमीटर ही तरुण गुडघ्यांना सोसणारी कमाल मर्यादा आहे, हे विसरता कामा नये. ज्यांना नवे घर बांधायचे आहे त्यांनी जागा असल्यास सार्वजनिक इमारतींचेच माप घ्यावे. जुन्या घरांचा जिना मात्र पाडता येत नाही. पुणे, सातारा, नाशिक किंवा इंदूर, ग्वाल्हेरच्या जुन्या वाड्यांतले भिंतीच्या जाडीत घेतलेले जिने अरुंद, काळोखे आणि वीतभर उंचीच्या पायऱ्यांचे असतात. तरीही अशा जिन्यांत आधारासाठी वरच्या तुळईला बांधलेला दोर दिसतो. हाताला पकड लागते, ही गोष्ट तो बांधणाऱ्यांना ठाऊक होती.

पकडता येईल असा आधार

आजच्या इमारतींतून नेमकी हीच गोष्ट हरवली आहे. अनेक ठिकाणी जिन्याला विटांचा भक्कम कठडा असतो आणि त्यावर रुंद ग्रॅनाइटची पाटी. ती दिसायला देखणी असली तरी तोल जाताना तिच्यावर हात घसरतो, कारण बोटे तिच्याभोवती वळत नाहीत. पडण्याच्या क्षणी माणसाकडे सेकंदाहूनही कमी वेळ असतो. त्यात हाताला जे पूर्ण मुठीत येईल तेच उपयोगी. केंद्र सरकारच्या सार्वत्रिक सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हणूनच ३८ ते ४५ मिलिमीटर व्यासाचा गोल दांडा, भिंतीपासून किमान ५ सेंटिमीटर अंतर आणि जिन्याच्या दोन्ही बाजूंना आधार अशी मापे दिलेली आहेत. दांडा पहिल्या पायरीच्या अलीकडे आणि शेवटच्या पायरीच्या पलीकडे ३० सेंटिमीटर यावा, असेही त्यात सुचवले आहे. शेवटची पायरी उतरून दोन्ही पाय जमिनीवर टेकेपर्यंत हात सुटू नये, हा त्याचा हेतू.

दोन्ही बाजूंचा आग्रह अनाठायी नाही. पक्षाघाताने एक हात अधू झालेल्या व्यक्तीला चढताना ज्या बाजूचा दांडा चालतो, तो उतरताना दुसऱ्या बाजूला गेलेला असतो. वळणावर त्रिकोणी पायऱ्या असतील तर आधार बाहेरच्या, म्हणजे रुंद बाजूच्या भिंतीलाच हवा. आतल्या टोकाला पाऊल पुरेसे मावत नाही आणि नेमका कठडा तिकडेच असतो. असा दांडा बसवणे हे एका दिवसाचे काम आहे. जुन्या भिंतींत खिळा ठोकून भागत नाही. विटेत खोलवर जाणारे अँकर फास्टनर लागतात. बसवल्यावर धडधाकट माणसाने सगळा भार टाकून लोंबकळून पाहावे आणि मगच तो वृद्धांच्या हाती द्यावा.

चढण्यापेक्षा उतरणे अधिक धोक्याचे. चढताना दम लागतो, त्यामुळे सगळे लक्ष चढण्याकडे असते. उतरताना मात्र मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणलेल्या अवस्थेत शरीराचा सगळा भार एका पायावर पेलत खाली सोडावा लागतो आणि पुढची कड वरून नीट दिसावी लागते. काळ्या किंवा ठिपक्यांच्या ग्रॅनाइटच्या पायऱ्या वरून पाहिल्यास एकसंध उतार भासतात. यावर उपाय स्वस्त आहे. प्रत्येक पायरीच्या अगदी कडेला, सुमारे ५ सेंटिमीटर रुंदीची, फरशीच्या रंगाहून ठळक वेगळी पट्टी असावी. ती कडेपासून आत सरकवून लावल्यास डोळा पट्टीलाच कड समजतो आणि पाऊल चुकते, म्हणून ‘अगदी कडेला’ हे शब्द महत्त्वाचे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी खरखरीत चिकटपट्टी चालते; तिचा कोपरा सुटू लागला की त्याच दिवशी बदलावी, नाहीतर तीच पायात अडकते.

उजेडाचे गणित वयानुसार बदलते. साठीतील डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. तरुण सुनेला पुरेसा वाटणारा जिन्यातला दिवा सासूबाईंना पुरत नाही, यात तक्रारखोरपणा नसतो. दिव्याचे बटण वर आणि खाली, दोन्हीकडे हवे. दिवा डोळ्यांत खुपणारा नसावा आणि स्वतःचीच सावली पुढच्या पायरीवर पडेल अशा जागी नसावा. वीज जाणाऱ्या गावांत उशाशी विजेरी ठेवण्याची जुनी सवय आजही योग्यच.

पोशाखाचाही विचार करायला हवा. सहावारी साडीच्या निऱ्या उतरताना मागच्या पायाखाली येतात. एका हातात निऱ्या आणि दुसऱ्या हातात पाण्याची कळशी किंवा वाळवणाची परात, म्हणजे कठड्यासाठी हातच उरत नाही. एक हात मोकळा राहील इतकेच सामान न्यावे. सैल सपाता जिन्यावर घातक. टाचेला पट्टा असलेली, पातळ आणि घट्ट तळाची चप्पल घरात वापरण्यासाठी वेगळी ठेवता येते.

असे फेरबदल केल्याने खरोखरच फरक पडतो का, याची चाचणी न्यूझीलंडच्या तारानाकी भागातील ८४२ घरांत झाली. सोडतीने निवडलेल्या घरांत जिन्यांना आणि बाहेरच्या पायऱ्यांना कठडे, न्हाणीघरात आधाराचे दांडे, पायऱ्यांच्या कडांना पट्ट्या, बाहेर पुरेसा उजेड आणि न घसरणारे पृष्ठभाग करून दिले गेले. उरलेल्या घरांना हीच कामे नंतर करून देण्यात आली. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, घरात पडून होणाऱ्या इजा सुमारे २६ टक्क्यांनी घटल्या. यात कोणाला व्यायाम शिकवला नव्हता की औषध दिले नव्हते; केवळ सुतार आणि गवंडी यांचे काम होते. २०२३ च्या कॉक्रेन समीक्षेने घरातील धोके दूर करण्याच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. ज्यांना पडण्याचा धोका आधीच अधिक आहे त्यांच्यात पडण्याचे प्रमाण ३८ टक्क्यांनी कमी झाल्याचे तिला आढळले. ज्यांना असा धोका नाही त्यांना मात्र लाभ दिसला नाही. तेव्हा आधीच पडलेल्या, चक्कर येणाऱ्या किंवा चालताना भिंत धरणाऱ्या व्यक्तीच्या घरापासून काम सुरू करणे शहाणपणाचे.

डोळे, औषधे आणि मांड्या

जिना सुधारला तरी तो वापरणारे शरीर उरतेच. वाचनाचा आणि दूरचा नंबर एकाच काचेत असलेला चष्मा उतरताना घोटाळा करतो, कारण खाली पाहिले की नजर वाचनाच्या भागातून जाते आणि पायरीची कड धूसर होते. नियमित बाहेर फिरणाऱ्यांना केवळ दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा दिल्यास पडणे घटते, असे २०१० च्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत दिसले. पण क्वचितच बाहेर पडणाऱ्यांमध्ये चष्म्यांची अदलाबदल उलट त्रासदायक ठरली. मोतीबिंदूबाबत अशी संदिग्धता नाही. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे सत्तरी ओलांडलेल्या स्त्रियांवर पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लवकर केली असता पडण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी झाले. ‘पिकू द्या, मग बघू’ हा सल्ला म्हणूनच महागात पडतो.

झोपेच्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधे आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा वाढीव डोस यांमुळे उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी घसरला तर डॉक्टर त्याची दखल घेतात. पलंगावरून उठून सरळ जिन्याकडे जाऊ नये. मिनिटभर कडेवर बसावे. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी पडणे थांबते ही समजूत चाचण्यांत टिकलेली नाही. कमतरता असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने ती घेणे हा वेगळा विषय.

सर्वांत भक्कम पुरावा व्यायामाचा आहे. २०१९ च्या कॉक्रेन समीक्षेत १०८ चाचण्या आणि २३ हजारांहून अधिक सहभागी होते. तोल आणि स्नायूबळ वाढवणाऱ्या व्यायामाने पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटल्याचे तिने नोंदवले. यासाठी व्यायामशाळा लागत नाही. हात न टेकता खुर्चीतून उठणे-बसणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, भिंतीजवळ एका पायावर क्षणभर उभे राहणे, एवढ्याने सुरुवात होते. मात्र ते रोज आणि महिनोन्‌महिने चालू हवे. आपण कुठे आहोत हे पाहण्यासाठी अमेरिकी रोगनियंत्रण केंद्र एक साधी कसोटी वापरते. खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जायचे, वळून परत येऊन बसायचे. १२ सेकंद किंवा त्याहून अधिक लागल्यास धोका वाढलेला समजावा. एक गुडघा दुखत असेल तर फिजिओथेरपिस्ट सांगतात तो क्रम लक्षात ठेवावा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि काठी नेहमी दुखऱ्या पायाबरोबर.

जिना सर्वांचा असतो तेव्हा

तीन-चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारतींत जिना कोणा एकाच्या मालकीचा नसतो. तिथे दुरुस्तीचा खर्च सोसायटीच्या सभेत अडतो आणि वीजबिलाच्या काळजीने जिन्यातला दिवा रात्री दहाला मालवला जातो. टप्प्याटप्प्यावर चपलांचे कपाट, सायकल, कुंड्या मांडलेल्या असतात. आगीच्या वेळी वाट अडवणाऱ्या याच वस्तू रोजच्या चढ-उतारात वृद्धांचा कठडा अडवतात. हालचाल टिपून पेटणारे एलईडी दिवे आता स्वस्त झाले आहेत, त्यामुळे वीजबिलाची सबब फारशी उरलेली नाही. रंगकामासाठी वर्गणी काढणाऱ्या सोसायट्यांना भिंतीलगतच्या दांड्यासाठी ती काढणे जड जाऊ नये.

सरकारी मदतीचा हात इथवर येत नाही. २०१७ पासून सुरू असलेली राष्ट्रीय वयोश्री योजना अल्प उत्पन्न गटातील ज्येष्ठांना काठी, वॉकर, चष्मा, श्रवणयंत्र यांसारखी साधने देते. घराच्या जिन्याला कठडा हे तिच्या कक्षेतले साधन नव्हे. उपलब्ध योजना आणि कायदेशीर मदत यांची माहिती १४५६७ या राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक मदत क्रमांकावर विनाशुल्क मिळते.

इतके करूनही कोणी पडलेच, तर घाईने उचलू नये. आधी वेदना कुठे आहे ते विचारावे. पाय आखूड दिसत असेल, बाहेरच्या बाजूला वळलेला असेल, तर खुब्याचे हाड मोडले असण्याची दाट शक्यता असते. अशा पायाला तेल लावून चोळणे किंवा चालवून पाहणे टाळावे आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला असेल, तर वरून काही न दिसताही रुग्णालयात न्यावे. खुब्याचे हाड मोडल्यावर ‘या वयात आता शस्त्रक्रिया कशाला’ असा विचार करून रुग्णाला घरीच निजवून ठेवणारी कुटुंबे आजही आहेत. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला काही आठवड्यांतच शय्याव्रण आणि न्यूमोनिया गाठतात. शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांच्या आत व्हावी आणि दुसऱ्या दिवसापासून रुग्णाला आधाराने उभे करावे, असा प्रघात म्हणूनच पडला आहे. वय जितके अधिक, तितके अंथरुणात घालवलेले दिवस महागात पडतात.

पडल्यानंतर आठवते तोवर काही गोष्टी कागदावर टिपून ठेवाव्यात. पाय कोणत्या पायरीवर गेला, चढताना की उतरताना, किती वाजता, पायात काय होते, हातात काय होते, त्याआधी कोणती गोळी घेतली होती आणि चक्कर आली होती की नुसता पाय चुकला. यातला अर्धा कागद डॉक्टरांना लागतो, उरलेला गवंड्याला.